पांढऱ्या बेटाचा खोटा धनी

एका राज्यात तेजोवती नावाची राणी राज्य करीत होती. तिचा राजा सुधन्वा समुद्रापलीकडचे पांढरे बेट पाहावयास गेला, तो परतलाच नाही. त्या बेटावर बारमाही ऊन, टेकड्यांवर जैतुनाच्या बागा आणि देवळे इतकी जुनी की त्यांचे वय कोणी जाणत नव्हते. राणी स्वतः गलबत घेऊन निघाली.

बेटाच्या धक्क्यावर एका हुदहुद पक्ष्याने तिला सारे सांगितले. कालदंष्ट्र जादूगाराने युगांपूर्वी बेटावरच्या लोकांचे, देवळे बांधणाऱ्यांचेही, पुतळे केले होते आणि ती देवळे आपणच बांधली म्हणून तो मिरवीत होता. सुधन्व्याने केवळ शंका काढली, म्हणून तोही दगड झाला.

राणीच्या मस्तकात तिडीक गेली. ती तडक दरबारात शिरली. जादूगार हसला आणि राजाच्या सुटकेसाठी त्याने तीन कामे सांगितली.

पहिले, समुद्रातून गोडे पाणी आणणे. हुदहुदाने खडकाखालचा झरा दाखवला. राणीने बुडी मारून घडा भरला. दुसरे, जळक्या जैतुनाचे फळ आणणे. राणीने तेच पाणी बुंध्याला घातले. झाड पालवले, फळले.

"आता तिसरे," जादूगार म्हणाला. "देवळांसमोर उभी राहा आणि म्हण, हे सारे कालदंष्ट्राने उभारले."

राणी देवळांपाशी गेली. तिथे एका पाथरवट बाईचा पुतळा होता. तिच्या दगडी मुठीत अजून छिन्नी होती. ती पाहून राणी संतापाने जादूगाराकडे वळली.

"पाणी आणले, फळ आणले. खोटे बोलणार नाही. ज्यांनी ही देवळे बांधली, त्यांनाच तू दगड केलेस."

जादूगाराने राख फेकली. राणीची पावले दगड झाली, मग गुडघे, मग कंबर. समोर राजा दगड होऊन उभा होता, तरी तिने शब्द फिरवला नाही. तेच वाक्य ती पुन्हा पुन्हा ओरडत राहिली.

तेव्हा पाथरवटिणीचे ओठ हलले. "हा उंबरा माझा," ती म्हणाली. पाठोपाठ दुसरा पुतळा बोलला, मग तिसरा. साऱ्या आवारातून आवाज उठले, तसा कालदंष्ट्र मिठासारखा विरघळून गेला.

राणीचे पाय मोकळे झाले. सुधन्वा भानावर आला आणि घरी चल म्हणाला. राणी अजून धुमसत होती.

"आधी देवळे पाहू," ती म्हणाली, "ज्यांची आहेत त्यांच्याबरोबर."

पाथरवटीण पुढे झाली. दिवसभर उन्हात ती एकेक दगड दाखवीत गेली, घडवणाऱ्याचे नाव सांगत गेली. आणि दर नावासरशी राणीचा राग थोडा थोडा निवत गेला.