कोरवी खोऱ्यातले चार बिनगाठीचे दिवस

दोन चंद्रांच्या कोरवी खोऱ्यात वर्ष दोरावर मोजतात. गणकीण रोज सूर्योदयाला शिंग फुंकते, एक गाठ मारते. नऊ गाठींचा एक नवडा, चाळीस नवड्यांचं वर्ष. त्यापुढे दोराचा हातभर तुकडा मात्र कोरा. पाहुण्यांनी विचारलं, की म्हातारे येळाईची हकिगत सांगतात.

येळाई तरुणपणीच गणकीण झाली. तिची गुरू अचानक गेली आणि मोजणीतलं काही सांगायचं राहूनच गेलं, असं सांगतात. येळाई तीनशे साठ गाठी झाल्या की नवं वर्ष पुकारी. दहाव्या वर्षापर्यंत पेरणीचा दिवस भर थंडीत येऊन पडला. सलग दोन वर्षं कोंब हिवाने करपले. वरच्या वस्तीचे लोक म्हणू लागले, खालच्या वस्तीने देवी कोपवली, त्यांना घाटापार हाकला. प्रमुख रेवंडानेही मान डोलावली.

येळाईला चैन पडेना. आदल्या वर्षारंभी कड्याच्या सावलीच्या टोकाशी तिने दगड ठेवला होता. यंदा वर्षारंभी सावली तिथवर पोचलीच नाही. पोचली ती चार दिवसांनी. चुकणाऱ्या गणकिणीला कड्यावरून लोटत.

ती भरसभेत उभी राहिली. "देवी कोपलेली नाही. माझी मोजणी चुकली. वर्षाला चार दिवस, दहा वर्षांत चाळीस."

"शिक्षा ठाऊक आहे ना?" रेवंडाने विचारलं.

"आहे. पण यंदा पेरणी चाळीस दिवस थांबवा. कणसं भरली की मी आपणहून कड्यावर येईन."

लोक थांबले. त्या वर्षी धान्य कणग्यांत मावेना म्हणे. आणि येळाई खरोखरच कडा चढली, मागोमाग रेवंडा. माथ्याशी खालच्या वस्तीची म्हातारी गोमरी वाट अडवून बसली होती.

"रेवंडा, हिला लोटलंस तर पुढची गणकीण चूक लपवील. मग खाशील काय?"

रेवंडाने स्वतः येळाईचा हात धरून तिला खाली आणलं. वर्षाला चार दिवस जोडले गेले. त्यांना गाठ नाही, आणि त्या दिवसांत कबूल केलेल्या चुकीला शिक्षा नाही.

आजही त्या चार दिवसांत सगळं खोरं चावडीसमोर जमतं आणि पहिली चूक गणकीण सांगते. एखाद्या वर्षी ती म्हणाली, की यंदा काहीच चुकलं नाही, तर लोक खाली मांडी ठोकून बसतात आणि म्हणतात, "बाई, नीट आठव. आम्हाला घाई नाही."