आखूड ओंडका

“पण मग चूक कोणाची, बाबा?”

यशोधर हे तिसऱ्यांदा विचारत होता.

अच्युतबाबा मठाच्या ओट्यावर बसून ओढ्याकडे बघत होते. पाणी सकाळी उतरलं होतं. आता जेमतेम गुडघाभर असेल. काल दुपारी याच ओढ्यात म्हैससुद्धा टिकली नसती.

पलीकडच्या काठावर रिकामी डोली पडली होती. एक बांबू आणि त्याला बांधलेलं घोंगडं.

ठकी त्या घोंगड्यातच गेली. पोटातलं बाळही गेलं. ती अडली म्हणून धनगरवाड्यावरच्या माणसांनी तिला भर पावसात काठापर्यंत आणलं. अलीकडच्या काठावर मठातला वैद्य निरंजन उभा होता. अशा कितीतरी बायका त्याच्या हातून सुखरूप सुटल्या होत्या. तो ओरडून सांगत होता, तिला कुशीवर वळवा, कुशीवर! पाण्याच्या आवाजात पलीकडे काही पोचलं नाही. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं.

ओढ्यावरचा साकव, ओंडक्याचा तो छोटा पूल, वेळेत झाला असता तर बाई वाचली असती. मठात हे सगळ्यांना कळत होतं आणि सकाळपासून कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

साकवाचं काम यशोधरनं अंगावर घेतलं होतं. पूर्वाश्रमी तो धरणांच्या कामांवर इंजिनीअर होता. पूर्वाश्रम सुटला, पण ती ऐट काही सुटली नव्हती.

“मी प्रत्येकाला काम वाटून दिलं,” तो म्हणाला. “कोणाचं कधी संपायचं तेही ठरवून दिलं. दोन्ही काठांवर खांबांचे खड्डे भैरवकडे, त्या खांबांवर टाकायचा ओंडका मुकुंदाकडे. दोघांनी वेळेच्या आधी संपवलं. एक दिवस वाया गेला नाही, बाबा.”

“नाही गेला.”

“गप्पांत वेळ जातो, म्हणून कामावर मौन ठेवलं. म्हटलं, काम होईल आणि साधनाही होईल. तुम्हीच म्हणालात, छान केलंस.”

“म्हणालो.”

“मग ओंडका आखूड कसा पडला?”

बाबांनी भैरवला हाक मारली. तो आला आणि ओट्याच्या खालीच उभा राहिला. हाताला अजून मातीच होती.

“भैरव, खड्ड्याचं काय झालं होतं?”

“पलीकडच्या काठाला खाली कातळ लागला, बाबा. पहार नुसती उडायची. म्हणून तो बुजवला आणि हातभर मागे दुसरा खणला. तिथं माती चांगली लागली.”

“मुकुंदाला सांगितलंस?”

“मौन होतं.”

यशोधर ताडकन उठला. “अरे, खूण तरी करायचीस! मुकुंदानं मी दिलेल्या मापानं ओंडका तोडला, त्याला काय स्वप्न पडणार होतं? हातवारे करून सांगता आलं नसतं? अक्कल गहाण ठेवली होतीस का?”

“खूण केली होती, दादा.”

“कोणाला?”

“तुम्हालाच. तुम्ही तोंडावर बोट ठेवलंत.”

यशोधर खाली बसला. त्याला ते आठवलं असावं, कारण त्याचा चेहरा पार उतरला.

बाबांनी भैरवला जा म्हणून मान हलवली. मग विचारलं, “ओंडका तयार कधी झाला?”

“अक्षय्य तृतीयेला.”

“आणि ओढ्यावर टाकून कधी बघितलास?”

“काल सकाळी.”

“ज्येष्ठ महिना लागेपर्यंत तो नुसता पडून होता?”

“काल मठाच्या मूळपुरुषांची पुण्यतिथी. आरती झाली की ओंडका चढवायचा आणि साकवावर पहिलं पाऊल तुमचं पडायचं, असं मनात होतं. फार सुंदर झालं असतं, बाबा...”

बाबा पलीकडच्या रिकाम्या डोलीकडे बघत राहिले.

“सगळं त्या दिवसासाठी ठेवलं होतं,” यशोधर पुटपुटला. “पाऊस अजून लांब होता. मी हिशेब केला होता.”

ओढ्यापलीकडे धनगरवाड्यावर बायका रडत होत्या. तो आवाज आता स्पष्ट ऐकू येत होता. काल असं ऐकू आलं असतं तर निरंजनचं सांगणं पलीकडे पोचलं असतं.

“म्हणजे चूक माझी.” यशोधर म्हणाला. “मला प्रायश्चित्त द्या. उपास सांगा. वर्षभर मौन सांगा, पाळतो.”

“पुन्हा मौन?”

यशोधरनं तोंड ओंजळीत लपवलं. इतका हुशार माणूस, पण त्या घडीला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

“इकडे बघ,” बाबा म्हणाले. “या ओट्यावरून पलीकडचा काठ स्वच्छ दिसतो.”

“हो.”

“भैरवनं पहिला खड्डा बुजवला, तो मी इथे बसून बघितला.”

यशोधरनं मान वर केली. “आणि तुम्ही बोलला नाहीत?”

“तुम्ही सगळे एकत्र राबत होता आणि कुठे भांडण नाही, आवाज नाही. इतकी वर्षं मठ चालवला, पण असा शांत मठ कधी पाहिला नव्हता. मला गोड वाटत होतं...”

 

तेवढ्यात पाण्यातून कोणी येताना दिसलं. धाकू होता, ठकीचा नवरा. पाणी त्याच्या गुडघ्याच्याही खाली होतं. तो ओट्यापाशी आला आणि सवयीनं वाकून नमस्कार करायला लागला, तशी बाबांनी मान फिरवली. तो नमस्कार घ्यायची त्यांची हिंमत नव्हती.

“बाबा, वाड्यावरचं सरपण समदं भिजलंय,” धाकू म्हणाला. “धूर नुसता. चिता पेटंना. मठात सुकं लाकूड आसंल तर...”

त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं यशोधरला वाटलं.

पडवीत ओंडका होता. काल आखूड पडल्यावर तो सगळ्यांनी मिळून परत आणून तिथे टाकला होता, म्हणून तेवढा कोरडा राहिला होता. ऐनाच्या झाडाचा, सरळ, चांगला वाळलेला.

यशोधर धावतच गेला. कोपऱ्यातली कुऱ्हाड त्यानं उचलली.

“मी देतो तोडून. बस तू, धाकू, हात लावू नकोस. हातहातभराचे तुकडे करतो, म्हणजे न्यायला सोपे. निरंजन तुकडे गोळा करेल, भैरव मोळ्या बांधेल, मुकुंदा पलीकडे पोचवेल. दुपारच्या आत सगळं...”

त्यानं कुऱ्हाड डोक्यावर उगारली.

मागून बाबांनी दांडा धरला. म्हातारा कधी उठला आणि कधी पडवीत आला, ते कोणाला कळलंच नव्हतं.

“यशोधर,” ते म्हणाले, “आधी त्याला विचार, केवढे हवेत.”