करदोऱ्याच्या गाठी

कुरडगावात हरबा महाराजांचा मुक्काम मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर असे. अंगावर एक पंचा, खांद्यावर उपरणं, एवढाच त्यांचा संसार. महाराज कृपाळू होते यात शंका नाही. पण शांत होते असं कुणी सांगू लागलं, तर त्यानं महाराजांना पाहिलेलंच नाही असं खुशाल समजावं. तोच तोच प्रश्न कुणी तिसऱ्यांदा विचारला की त्यांचा आवाज पार वेशीपर्यंत जाई.

कोष्टी आळीतल्या सगुणेवर मात्र ते कधी ओरडले नाहीत. सगुणा हाडानं बारीक, तिचा नवरा लिंबाजी तिच्याहून बारीक. त्यांना मुलगी झाली, तीही त्याच अंगाची. बारशाच्या दिवशी सगुणेनं गोदूला महाराजांच्या पायावर घातलं आणि भीत भीत विचारलं, "महाराज, पोर बारीक हाय. जगंल ना?"

महाराजांनी तिच्याच मागावरचा उरलेला दोरा मागवला, काळा रंगवून घेतला आणि गोदूच्या कमरेला सैलसर बांधला. म्हणाले, "दर पौर्णिमेला बघायचं. दोरा सैल करावा लागला, तर जुन्या जागी एक गाठ मारायची. पोर भुकेलं की पाजायचं, लंगोट ओले होतायत ना ते बघायचं, हसतंय-बघतंय ना ते बघायचं. गाठ पडेनाशी झाली, पोर मलूल झालं, तर माझ्याकडं येऊन रडायचं नाही. वैद्याकडं धावायचं. आणि मधल्या काळात लोकांचं ऐकायचं नाही."

बाकीचं सगळं सगुणेनं पाळलं. शेवटचं पाळणं कुणाच्या हातात असतं! पाण्याला जावं तर पाणवठ्यावर एकजण म्हणे, "अगो बाई, पायाच्या काड्या बघ पोरीच्या!" दुसरी म्हणे, केळं कुस्करून घाल. तिसरी म्हणे, गाढविणीचं दूध पाज. जिला स्वतःचं पोर कधी झालं नव्हतं तीसुद्धा जायफळ किती उगाळायचं ते सांगून जाई. सगुणा हो हो म्हणे, घागर उचले आणि घरी येऊन दोऱ्याच्या गाठी मोजे. पाच महिन्यांत पाच गाठी. कधी दोन बोटांच्या अंतरानं, कधी जेमतेम जवाएवढ्या. पण एकही पौर्णिमा रिकामी गेली नव्हती.

आणि अशात म्हाळसाक्का आल्या.

म्हाळसाक्का म्हणजे लिंबाजीची थोरली बहीण, सगुणेच्या वन्सं. सासर श्रीमंत, दावणीला म्हशी, आणि मांडीवर गोदूच्याच वयाचा मुलगा, गुबगुबीत, मनगटाला वळ्या पडलेला. त्याला बघून कुणालाही आनंदच व्हावा, पण आक्कांनी गाडीतून उतरल्या उतरल्या त्याला गोदूशेजारी निजवलं आणि गल्लीतल्या बायांना हाक मारली, "या गं, बघा! एका वयाची लेकरं! याला एका हातानं उचलून दाखवा बरं कुणी!" बाया हसल्या. सगुणेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाच तिला राग आला.

"वन्सं, पाच गाठी पडल्यात," ती म्हणाली.

"दोऱ्यानं पोट भरतंय व्हय?" आक्का म्हणाल्या. "चल, तुझ्या त्या महाराजांनाच विचारते."

खरंच गेल्या! ओसरीवर पदर खोचून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "महाराज, तुम्ही स्वतः काडी, म्हणून माझ्या भाचीचीबी काडी करताय. शिरा भरवा, तूप भरवा, असं सांगायचं सोडून दोरे कसले बांधताय?"

देवळातली माणसं चपापली. महाराजांनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

"बाई," ते म्हणाले, "शेळीचं करडू म्हशीच्या पारड्याशेजारी उभं करून कुणी रडतं का? तुमचा बाळ तुमच्या वळणावर गेलाय, ही पोर हिच्या बापाच्या वळणावर. कालच्यापेक्षा आज वाढली का, एवढंच बघायचं. तिचं माप तिच्याच दोऱ्यानं घ्यायचं, तुमच्या बाळानं नाही. आणि दात नाहीत, मान आत्ता कुठं धरलीय, त्या जिवाला शिरा? जा, मला जप करू दे!"

"बघितलं? नुसता राग!" आक्का परत येताना सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. महाराजांचं कीर्तन नदीपलीकडं वाघोशीला, दोन कोसांवर. लिंबाजी टाळ घेऊन पहाटेच त्यांच्यासोबत गेलेला. त्यामुळे पाजणीचं काम सगुणेच्या गळ्यात पडलं. मागावर चढवायच्या आधी सुताचा ताणा गल्लीभर पसरून त्याला खळ लावतात, ती पाजणी. एकदा खळ लावायला घेतली की मध्येच सोडता येत नाही, सुतं एकमेकांना चिकटून बसतात. सगुणा गोदूला पाजून, निजवून, दाराबाहेर वीस पावलांवर शेजारणींबरोबर कामाला लागली.

आक्का घरात एकट्या. चुलीवर त्यांनी मघाशीच शिरा केला होता, तुपात निथळणारा. एकादशी असून! गोदू जागी झाली, हसली. आक्कांनी तिला पायांवर उताणी घेतलं. "ये गं माझी काडी, तुझी आई येडी हाय," म्हणत बोटभर गोळा तिच्या तोंडात सारला. गोदूनं तो जिभेनं बाहेर ढकलला, तर आक्कांनी पुन्हा आत सारला. वाईट मनानं नाही, भाविकहो, मायेनंच. पण अशा मायेपुढं देवानं तरी किती वेळा हात जोडायचे!

गोदूचा आवाज बंद झाला. रडं नाही, खोकला नाही. डोळे विस्फारले, ओठ निळे पडू लागले. आक्कांनी किंकाळी फोडली.

सगुणा ताणा टाकून धावली, मागोमाग शेजारणी. खळीनं बरबटलेले हात, त्यात ते एवढंसं लेकरू. कुठं धरावं, काय करावं, काही सुचेना. "हरबा महाराज!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"दे इकडं!"

दारात महाराज उभे होते. कपाळाला आठ्या, खांद्यावर उपरणं. त्यांनी गोदूला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, हनुवटी पंजात, आणि तळहातानं पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये थाप मारली. एक. दोन. तीन. चार. पाचव्या थापेला शिऱ्याचा गोळा थेट त्यांच्या उपरण्यावर पडला, आणि गोदूनं असा टाहो फोडला की आळीतली कुत्री भुंकू लागली.

"रडू दे. रडू दे तिला," महाराज म्हणाले. पोर सगुणेच्या कुशीत देऊन ते आक्कांकडं वळले. "कीर्तन अर्ध्यावर टाकून यायला लावलंत!" एवढं बोलून तरातरा निघून गेले. शेजारणी बाहेर धावल्या, तर गल्लीत कुणी नाही.

दिवेलागणीला लिंबाजी परतला तो गोंधळलेलाच. म्हणाला, "आज नवलच झालं. भर कीर्तनात महाराज गप्प होऊन खाली बसले. डोळे मिटले, हात मांडीवर आपटायला लागले. पाच वेळा. आम्हाला वाटलं, भावावस्था लागली. डोळे उघडले तर उपरण्यावर शिऱ्याचा गोळा! एकादशीला! वाघोशीची माणसं कुजबुजायला लागली. तिथल्या एका बुवांनी विचारलं, महाराज, हे काय? तर म्हणाले, कुरडगावचा आहेर."

"जागचे हलले न्हाईत ते?" सगुणेनं विचारलं.

"पाचशे माणसांसमोर बसले होते की!"

म्हाळसाक्का हे सगळं ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी न सांगताच त्या आपल्या बाळाला काखेत घेऊन मारुतीच्या देवळात गेल्या. ओसरीवर महाराज बसले होते. शेजारी ते उपरणं, तुपाचा डाग तसाच. आक्कांनी पायांवर डोकं ठेवलं आणि त्यांना हुंदका आवरेना.

"महाराज, माझ्या हातानं पोर जात होती."

"पाय सोडा, बाई. याच हातानं आता हे उपरणं धुवा," महाराज म्हणाले, पण आता त्या आवाजात राग नव्हता. मग त्यांनी आक्कांच्या बाळाला मांडीवर घेतलं. चांदीचा करदोटा त्याच्या कमरेत रुतून लाल वळ उठला होता. "अहो, शेजारच्या पोराच्या काड्या मोजताना स्वतःच्या लेकराची कमर बघायची राहिली की! वाढतोय छान. दोरा तेवढा सैल ठेवा."

आक्का करदोटा काढू लागल्या, पण फासा सुटेना. मागून सगुणा आली होती. तिनं गोदूला खांद्यावर सरकवलं, वाकून फासा सोडवला आणि ओटीतून काळ्या दोऱ्याचा एक तुकडा काढून पुढं केला.

"वन्सं, ह्यो बांधा. आमच्याच मागावरचा हाय."

म्हाळसाक्कांनी तो दोरा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि त्या आपल्या भावजयीपुढंही वाकल्या.