सहा हजार की तीस हजार

टोल कंपनीचे अधिकारी भडकमकर जनसुनावणीत ऐटीत म्हणाले, "रस्त्यावर रोज जेमतेम सहा हजार गाड्या येतात. खर्च निघत नाही. टोलची मुदत बारा वर्षं वाढवून द्या."

अंगणवाडी सेविका प्रमिला डोईफोडे रागाने ऐकत होती. रस्त्यापलीकडच्या दवाखान्याकडे जाणारी गावाची वाट याच कंपनीने कुंपण घालून बंद केली होती. पाच किलोमीटरच्या वळशात तिच्या जावेने रिक्षातच प्राण सोडले होते.

ती उठली. "साहेब, आकडा नक्की?"

"बाई, हे अंदाज तज्ज्ञ काढतात. तुम्हाला काय कळणार?"

"नाही कळत. म्हणून आकडा कागदावर लिहून सही करून द्या."

भडकमकरांनी हसत सही केली. प्रमिलाने तो कागद आणि कंपनीचं गावाला आलेलं जुनं पत्र सुनावणी अधिकाऱ्यांपुढे ठेवलं.

"वाट बंद करताना यांनी लिहिलं, रोज तीस हजार गाड्या धावतात, रस्ता ओलांडणं धोक्याचं आहे. सहा हजार खरे असतील तर आमची वाट उघडा. तीस हजार खरे असतील तर मुदतवाढ कशाला? खोटं कुठलं, ते साहेबांनीच सांगावं."

मुदतवाढ फेटाळली गेली आणि कंपनीने स्वखर्चाने भुयारी वाट बांधावी, असा हुकूम झाला. प्रमिलाचा राग मात्र उतरला नाही. काम सुरू होईपर्यंत ती रोज कंपनीच्या कचेरीच्या पायरीवर जाऊन बसत राहिली.