पिंपावरचा लाल डाग

“म्हणजे हेही पिंप भंगारात?” गुलाब उस्तादांनी विचारलं.

रेवणने मान वर केली नाही. हातातला कॅमेरा पुढं धरला. “बघा की. लालभडक डाग आहे.”

तो कॅमेरा उष्णता दाखवायचा. पिंप बाहेरून दिव्यानं तापवायचं. आतून जिथं पत्रा झिजलेला असेल, तिथं उष्णता साचून राहते, ती जागा लाल दिसते. सोलापुरात टॉवेल रंगवायची वाफेची पिंपं उस्ताद अशी तपासत.

महिन्यापूर्वी असंच एक न तपासलेलं पिंप फुटलं. त्यात रेवणचा थोरला भाऊ मल्लिनाथ गेला. पंधरा दिवसांनी रेवण उस्तादांच्या दारात उभा राहिला. मला हे शिकवा, एवढंच म्हणाला.

“सकाळपासून चौथं,” पिंपावरचा कामगार बसप्पा म्हणाला. “सगळीच सडकी निघाली तर टॉवेल काय उस्तादांच्या बादलीत रंगवू?”

“हसू नका काका. उद्या याच्याजवळ तुम्हीच उभे राहणार.”

बसप्पा पिंपापासून दोन पावलं मागं सरला.

“डाग कुठंय?” उस्ताद म्हणाले.

“मधोमध. बाकीच्या तिन्हींवरही इथंच होता.”

“एक पाऊल डावीकडं सरक.”

रेवण सरकला. डागही सरकला.

तो उजवीकडं गेला… डाग मागोमाग.

पिंप आरशासारखं चकचकीत होतं. कॅमेऱ्यात दिसत होती ती त्याच्याच तोंडाची ऊब.

चकाकी झाकायला उस्तादांनी काजळी पाण्यात कालवली, तळहातानं पिंपाला फासली. ती सुकू दिली. पुन्हा तापवलं.

मधला डाग गेला होता. खाली तोटीजवळ बोटभर लाल रेघ होती. तिथं रेवणने एकदाही पाहिलं नव्हतं.

“हे फुटलं असतं?” बसप्पाने हळूच विचारलं.

“फुटलं असतं.”

“आणि आधीची तीन?” रेवण म्हणाला.

“पुन्हा बघायची.”

रेवण तडक बाजूच्या पिंपाकडं गेला. काजळीची वाटी मागंच राहिली. चकचकीत पत्र्यापुढं त्यानं कॅमेरा रोखला.

“उस्ताद, दादाच्या पिंपाला जर कुणी नुसतं…”

त्याचे डोळे वाहत होते, तरी कॅमेरा खाली येत नव्हता.

उस्ताद वाटी घेऊन आले. दुसरा हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

“रड बाबा. फक्त पिंपासमोरून जरा बाजूला हो.”