कासारणीच्या हातात हात

“मग मी तिला आता काय सांगायचं, आई?” दिगंबरबुवा वैतागून म्हणाला.

भागाई ताक घुसळत होती. तिनं रवी थांबवली नाही.

“काल काय सांगितलंस?”

“भोग भोगूनच संपतात. दुखतं ते देहाला, आत्म्याला नाही.”

“आन् ती काय म्हणाली?”

“हात जोडले... तेव्हापासून गोळी घेत नाही. म्हणते, संपू द्या भोग.”

मठाच्या ओवरीत सात खाटा होत्या. डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हटलेली आणि घरच्यांनी इथं आणून टाकलेली माणसं. जन्मभर सुईणपण केलेली म्हातारी भागाई त्यांचं बघायची; सगळे तिला आईच म्हणायचे. बुवा कीर्तनकार. मरणावर असा बोलायचा की मंडप गप्प व्हायचा. आठ दिवसांपूर्वी सेवा शिकायला म्हणून आला, आणि आल्यापासून शिकवतच होता.

तिसऱ्या खाटेवर अनसाबाई कासारीण. छातीतला कॅन्सर पाठीच्या हाडांत उतरलेला. दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी पोटात गेली की बाई उठून बसायची, चहा मागायची, शेजारणीची टिंगल करायची. कालपासून भिंतीकडं तोंड करून दातओठ आवळून पडली होती.

“मी सांगून दमले,” भागाई म्हणाली. “मला म्हणते, बुवा मोठे का तुम्ही? आता तूच जा.”

“समजावतो.”

“समजावलंस तेवढं बास. नुसता हात धर तिचा.”

“किती वेळ?”

“ती सोडंल तवर.”

बुवा खाटेशी बसला. हात पुढं केला. अनसाबाईनं तो धरला... आणि कळ आली.

बुवानं कळ शेकडो वेळा वर्णिली होती. पाहिली आज. बाई ओरडली नाही. पाठ ताणली, डोळे फिरले, आणि होतं तेवढं सगळं बळ त्याच्या बोटांवर आलं. हाडं कडकडली. त्याच्या तोंडाशी श्लोक आला, तो तसाच माघारी गेला.

कळ ओसरली. बाईनं हात सोडला नाही. तिचा अंगठा त्याच्या तळव्यावर फिरू लागला... पेरं मिटवत, अंगठ्याचं हाड आत दाबत. गावोगावच्या बायकांना बांगड्या भरून भरून लागलेली सवय.

“बुवा,” ती धापा टाकत म्हणाली, “लई ताठ हात तुमचा. बांगडी चढायची न्हाई.”

बुवानं बोटं अजूनच आवळली.

“ढिला सोडा. मी हाय न्हवं.”

त्यानं हात ढिला सोडला, पार खांद्यापासून. आणि मंडप गप्प करणारा तो माणूस लेकरासारखा रडला.

तिनं रडू दिलं. मग हळूच विचारलं, “एका नव्या नवरीला चुडा भरताना माझ्या हातनं बांगडी फुटली व्हती. वर्षात तिचा नवरा गेला... कालपास्नं तेच डोळ्यापुढं येतंय. त्याचाच भोग असंल का ह्यो?”

बुवापाशी कुठल्याही प्रश्नाला उत्तर असायचं.

“काच होती ती,” तो म्हणाला. “फुटली.”

“मग ह्ये कशापायी?”

“मला माहीत नाही. काल माहीत असल्यासारखा बोललो. मला काहीच माहीत नाही, अनसाबाई.”

तिनं त्याच्याकडं तोंड वळवलं.

“मग द्या की वो गोळी. मेले दुखून.”

गोळी घेतल्यावर तासाभरात तिच्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या. डोळा लागला, तेव्हा कुठं तिची बोटं सैल पडली.

बुवा ओवरीबाहेर आला. हातावर नखांच्या चार खुणा. शेजारच्या गावची जीप त्याला संध्याकाळच्या कीर्तनाला न्यायला येऊन थांबली होती.

“त्यांना परत पाठवा, आई,” तो म्हणाला. “मी काय सांगू लोकांना? होतं नव्हतं ते सगळं गेलं.”

आठ दिवसांत पहिल्यांदाच भागाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं...

“मग आज जा.”