फेऱ्यांचा माळ

पाहुणे हो, जरा खाली बघून चाला. ही पांढुरकी पट्टी दिसते ना, या पडक्या जोत्यांपासून थेट कड्याच्या टोकापर्यंत गेलेली? हिच्यावर पावसाळ्यातही गवत धरत नाही, असं सांगतात. मी सत्तर पावसाळे बघितलेत. थोडंफार धरतं, पण तुडवलं जातं. आमची ख्रिस्ती मंडळी देवळात गुडघे टेकते, या माळावर मात्र चालत प्रार्थना करते. त्याचं कारण शेवंताबाई साळवे. तिची हकिकत माझ्या आजोबांना तुकाजी सुतारानं स्वतः सांगितली होती.

प्लेगाचं पहिलं साल होतं म्हणे. उंदीर पडायला लागले तशी गावानं घरं सोडली आणि शिवारात पालं ठोकली. ज्यांना गाठ आली त्यांना या माळावरच्या झोपड्यांत आणून ठेवलं. त्यांच्याजवळ रक्ताचं माणूसही फिरकेना. शेवंताबाई विधवा होती, घरोघर जाऊन बायकांना शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, वाचून दाखवायची. ती वर आली आणि पाणी पाजणं, गाठी शेकणं, गेलेल्याला मूठमाती देणं, सगळं एकटी करू लागली. त्या आजाऱ्यांत तुकाजी होता. एरवी त्यानं तिला कधी ओसरीवर चढू दिलं नव्हतं.

पौषात तिच्या लेकीच्या घरून निरोप आला. लेक मार्था नदीपलीकडे दिली होती, पहिलंच बाळंतपण. मार्थाचा दीर कड्याखाली उभा राहूनच बोलला. दिवस भरलेत, पोट अवघडलंय, ती सारखी आईचं नाव घेते, निघा.

शेवंताबाईनं पदर खोचला आणि ती निघालीसुद्धा. टोकापर्यंत गेली, तिथं थांबली. बराच वेळ ओठ हलत होते म्हणे. मग दिराला परत जायला सांगून ती माघारी आली.

तुकाजीला राहवलं नाही. तो म्हणाला, "जा ना बाई. आम्ही आज ना उद्या मरणारच आहोत."

"देवानं राहा म्हटलंय," ती म्हणाली. "मला ते आवडलेलं नाही. पण ऐकू आलंय."

त्यानंतर दीड महिना नदीपलीकडून काही कळलं नाही. लेक सुटली की गेली, बाळाचं काय झालं, कुणी सांगायला आलं नाही. रोगाच्या भीतीनं वाटाच ओस पडल्या होत्या. लोकांना वाटतं, देवाचं ऐकलं की मन थाऱ्यावर येतं. तिचं आलं नाही. तुकाजी सांगायचा, तिला बसलेलं असं कुणी पाहिलंच नाही. एकाला पाणी पाजलं की ती तडक टोकाकडे जायची, पलीकडचा रस्ता बघायची, पुन्हा वळायची. जाताना पावलं भराभर पडायची, येताना ओढल्यासारखी. कधी देवाशी भांडायची, कधी नुसतं "प्रभू, प्रभू" म्हणायची. भाकरीही चालताचालताच खायची. त्या फेऱ्यांनी ही वाट पडली.

फाल्गुनात रोग ओसरला. सोळांपैकी नऊ जण पायांनी खाली उतरले, त्यांत तुकाजीही होता. शेवंताबाईनं अंगावरचं लुगडं जाळलं, नदीत अंघोळ केली आणि त्याच दिवशी लेकीचं दार गाठलं. मार्था जिवंत होती. तीन दिवस अडली होती, पण वाचली होती. छातीशी मुलगी होती.

"आता आलीस?" मार्था म्हणाली.

"रोज निघत होते गं," आई म्हणाली.

मार्थानं तिला पाणी दिलं, जेवायला वाढलं, पण नात हातात दिली नाही. शेवंताबाई जेवून परत आली. काहीजण म्हणतात, ती तेव्हा गेली असती तर रोग तिच्या पदराबरोबर त्या घरात शिरला असता, म्हणून देवानं अडवलं. असेलही. पण तिला देवानं तसं काही सांगितलं नव्हतं, एवढं मला ठाऊक आहे.

सहा वर्षांनी ती वारली. मातीला मार्था आली, पण दूर उभी राहिली. सगळं आटोपल्यावर तुकाजी तिला या माळावर घेऊन आला. ही पट्टी दाखवली आणि म्हणाला, "तुझी आई इथून तुझ्याकडे यायची."

मार्था पट्टीवर उभी राहिली. मग चालत टोकापर्यंत गेली, रस्ता बघितला, वळली. पुन्हा गेली. ऊन उतरेपर्यंत ती चालत होती, आणि तिची लेक तिच्या मागे.

तेव्हापासून हा रिवाज पडला. आजही देवाचं म्हणणं कळलंय पण मन घेत नाही, असं माणूस इथं येऊन फेऱ्या घालतं. कुणी त्याला हाक मारत नाही, समजूत घालत नाही. ती बघा, टोकावरून वळली ती बाई. परवापासून येते. जरा बाजूला व्हा, तिला वाट द्या.